‘डार्क साइड’ची फर्स्ट प्रेस: नागपुरात मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या जुन्या एलपीबद्दल, म्हणजे मोठ्या रेकॉर्डबद्दल, मला इतक्या जणांनी विचारलंय, कोणी फोटो पाठवून, कोणी धरमपेठेत चहा पिता पिता, कोणी तर पिशवीत रेकॉर्ड घालून थेट घरी आणून, की म्हटलं आता एकदाचं सगळं लिहूनच टाकतो. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत.

भाऊ, ओरिजिनल म्हणजे नक्की काय? जुनी आहे म्हणजे ओरिजिनलच ना?

नाही ना. आपल्याकडे घरातून निघालेली कुठलीही जुनी रेकॉर्ड ‘ओरिजिनल’ म्हणून विकली जाते, आणि ती कंपनीची असते म्हणून ते खोटंही नसतं, पण जमवणारे लोक ओरिजिनल म्हणतात ते वेगळं. अल्बम पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा बँडच्या स्वतःच्या देशात जी पहिली खेप साच्यानं दाबून बनवली गेली ती फर्स्ट प्रेस. डार्क साइड आला मार्च १९७३ मध्ये, इंग्लंडात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या हार्वेस्ट लेबलवर, नंबर एसएचव्हीएल ८०४. पण याच नंबरवर पुढे कितीतरी वर्षं छपाई चालूच राहिली, त्यामुळे ‘नंबर जुळला म्हणजे फर्स्ट प्रेस’ हे डोक्यातून आधी काढा. बहुतेक लोक इथेच फसतात.

पण हा अल्बम तर घरोघरी आहे. मग याच्यामागे एवढं काय लागायचं?

खरंय, जगभरात ४ कोटींच्या वर प्रती विकल्या गेल्या आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा ७०० पेक्षा जास्त आठवडे होता, त्यामुळे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. आणि म्हणूनच पहिली खेप शोधण्यात मजा आहे. एवढ्या ढिगातून ती नेमकी कॉपी काढायची, जी अ‍ॅबी रोड स्टुडिओतून टेप बाहेर पडल्यावर पहिल्या काही महिन्यांत दाबली गेली. साचे ताजे, टेप ताजी. माझ्या कानाला त्या प्रेसमध्ये आवाज मोकळा वाटतो, बास जमिनीतून आल्यासारखा येतो आणि गिटार कुठेच टोचत नाही. हे माझं मत झालं, दुसऱ्या कोणाला नवी प्रेस आवडेल, त्याचंही बरोबर.

ओळखायची कशी ते सांगा ना सरळ.

आधी लेबल बघा, म्हणजे रेकॉर्डच्या मधला गोल कागद. काळ्या लेबलवर त्रिकोण असतो. पहिल्या खेपेत तो त्रिकोण फिक्या निळ्या रंगानं पूर्ण भरलेला, नंतरच्या खेपांमध्ये त्याची नुसती रेघ राहिली, आत काळंच. लांबून फोटोतही कळतं हे.

मग लेबलच्या कडेनं बारीक अक्षरं फिरतात ती वाचा. तिथे ‘द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड’ पाहिजे. कंपनीनं जुलै १९७३ मध्ये नाव बदलून ईएमआय रेकॉर्ड्‌स केलं, म्हणजे कडेला ‘ईएमआय रेकॉर्ड्‌स’ असेल तर लेबल त्यानंतरचं. तीन-चार महिन्यांचाच काळ आहे हा, म्हणून कामाचा. आणि ‘मेड इन जीटी (म्हणजे ग्रेट) ब्रिटन’ लिहिलेलं पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणी बघत नाही. गाणी संपल्यावर लेबलच्या आधी जी गुळगुळीत पट्टी राहते, रन-आउट म्हणतात तिला, तिच्यात ठोकलेले आकडे. फर्स्ट प्रेसवर एका बाजूला एसएचव्हीएल ८०४ ए-२ आणि दुसऱ्या बाजूला बी-२. रेकॉर्ड कडांना धरायची, ट्यूबलाइटखाली तिरपी करायची आणि हळूहळू फिरवायची, एका कोनात आकडे एकदम चमकून वर येतात. मोबाईलचा टॉर्च डोक्यावरून सरळ मारला तर काहीच दिसत नाही, बाजूनं आडवा मारा.

लेबल आणि रन-आउट दोन्ही एकत्र जुळले तरच हो म्हणायचं, एकट्या लेबलवर कधीच पैसे देऊ नका.

ए-२ म्हणजे तर दुसरी झाली ना? मग ए-१ शोधू का?

हा प्रश्न हमखास येतो. नाही, शोधू नका. तो आकडा प्रेसचा नाही, कटचा आहे. टेपवरून आधी लॅकरचा थर दिलेल्या एका प्लेटवर खोबणी कापतात, तिच्यावरून धातूचा उलटा मास्टर, त्याच्यावरून सुलटी ‘मदर’, मदरवरून परत उलटा ‘स्टॅम्पर’, आणि स्टॅम्परनं गरम विनाइल (रेकॉर्डचं प्लास्टिक) दाबून रेकॉर्ड. ए-२ म्हणजे त्या बाजूचा दुसऱ्यांदा कापलेला कट. या अल्बमच्या विक्रीला आलेल्या पहिल्या कॉपीजवर २ च आहे. दुसऱ्या अल्बमला वेगळं असू शकतं, हा नियम सगळीकडे लावू नका.

रन-आउटमध्ये अजून एक सुटा आकडा आणि एक-दोन इंग्रजी अक्षरं दिसून राहिली, ते काय?

बाप्पा, हे मला सगळ्यात आवडतं! मोठा नंबर खाली, म्हणजे घड्याळात ६ वाजतात तिथे ठेवा. मग ९ च्या जागेवर एक आकडा दिसेल, तो मदरचा नंबर. आणि ३ च्या जागेवर अक्षरं दिसतील, तो स्टॅम्परचा नंबर, पण सांकेतिक. ईएमआयनं ग्रामोफोन लिमिटेड या नावातली १० अक्षरं घेतली होती: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. तर ‘जीए’ दिसलं की १३ वा स्टॅम्पर, ‘आरडी’ म्हणजे २०. एक स्टॅम्पर काहीशे रेकॉर्ड दाबून झिजायचा, मग दुसरा लावायचे. म्हणजे आकडा जेवढा लहान तेवढी तुमची कॉपी त्या रांगेत पुढची. पन्नास वर्षांपूर्वीच्या कारखान्यातला हिशोब आपण सीताबर्डीत बसून वाचू शकतो, मला अजूनही दरवेळी अंगावर काटा येतो.

कव्हरवर रंग सहाच आहेत. इंद्रधनुष्यात तर सात असतात. डुप्लिकेट आहे का?

नाही, सहाच बरोबर. चित्रातच सहा आहेत, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, पारवा घेतलाच नाही. कव्हर हिपग्नोसिस या डिझाइनवाल्यांचं, चित्र जॉर्ज हार्डीनं काढलेलं. कव्हर उघडलं की तो रंगांचा पट्टा आत चालू राहतो आणि त्यात हृदयाच्या ठोक्याची रेघ उठते, कारण अल्बम ठोक्यांनीच सुरू होतो आणि ठोक्यांवरच संपतो. नव्या कव्हरची शंका असेल तर रंग मोजण्यापेक्षा मागे बारकोड आहे का बघा. १९७३ च्या कव्हरवर बारकोड असणं शक्यच नाही. ‘१८० ग्रॅम’ असं कुठे लिहिलेलं असेल तरी तो नवा माल.

आमच्या मामांकडची कॉपी ‘मेड इन इंडिया’ आहे. म्हणजे कचरा का?

असं म्हणू नका, प्लीज. आपल्याकडे ईएमआयचा माल ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया काढायची आणि तिचा कारखाना कलकत्त्याला डमडममध्ये. बऱ्याचदा साच्यांचा धातू इंग्लंडहून यायचा आणि दाबणं इथे व्हायचं, म्हणून भारतीय रेकॉर्डच्या रन-आउटमध्येही इंग्लंडसारखे नंबर सापडू शकतात. इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, नुसते आकडे बघून कोणी ‘यूके फर्स्ट प्रेस’ म्हणून भारतीय कॉपी गळ्यात मारू शकतो, लेबलवरचा देश वाचा. दोन, त्या साच्यातून निघालेली नीट राखलेली डमडमची कॉपी खूप सुंदर वाजू शकते.

माझी पहिली कॉपी डमडमचीच. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एक काका होते, रिटायर होऊन मुलाकडे निघालेले, घर आवरत होते. मी गेलो तर काकूंनी तर्री पोहे आणून ठेवले आणि काका म्हणाले, आधी रेकॉर्ड पाहून घे, मग हात तेलकट कर. त्यांनी ती बाहेर काढली ती अशी, की अंगठा कडेवर आणि बाकीची बोटं लेबलखाली, खोबणीला बोट लागलंच नाही. चाळीस वर्षांची सवय. कव्हरची पाठ वाळवीनं कोपऱ्यात थोडी खाल्लेली होती, पण रेकॉर्डवर ट्यूबलाइटचं सरळ, न तुटलेलं प्रतिबिंब पडत होतं. पोहे थंड झाले त्यादिवशी. नंतर खूप वर्षांनी यूकेची घेतली, तीसुद्धा लाडकी आहे, पण पाहुणे आले की लावली जाते ती डमडमची.

पोस्टर आणि स्टिकर नाहीत. घेऊ की नको?

पूर्ण सेटमध्ये दोन पोस्टर आणि दोन स्टिकर. एका पोस्टरवर बँडचे फोटो, दुसऱ्यावर पिरॅमिड. हॉस्टेलच्या भिंतीवर लागून फाटले बहुतेकांचे. नसतील तर किंमत कमी करून मागा आणि घ्या, आवाजाला काही फरक पडत नाही. उलट एकदम कोरे पोस्टर दिसले तर मी जास्त सावध होतो, कारण नंतर पुन्हा काढलेल्या आवृत्त्यांमध्येही पोस्टर-स्टिकर दिलेले आहेत आणि ते जुन्या कव्हरमध्ये सरकवायला दोन मिनिटं लागतात. जुन्या पोस्टरच्या घडीवर कागद मऊ पडलेला असतो, हाताला कळतं.

नागपुरात कुठे मिळेल?

खरं सांगू, दुकानात जाऊन हाच अल्बम मागितला आणि मिळाला असं इथे होत नाही. इथे माल घरातून निघतो. सदर, मोहननगर, अजनी या बाजूला रेल्वेची आणि जुनी ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन घरं, कामठीला फौजी लोक, धंतोलीत बंगाली कुटुंबं, इंग्रजी रेकॉर्ड विकत घेणारी माणसं याच घरांमध्ये होती. लोकांना सांगून ठेवा. इतवारी, महालातल्या एखाद्या कबाडीवाल्याशी ओळख ठेवा, त्याला म्हणा की रेकॉर्ड आल्या तर रद्दीच्या काट्यावर टाकायच्या आधी फोन कर, आणि फोन आला की त्याच दिवशी जा, नाहीतर दुसऱ्यांदा तो करत नाही. काही नाही घेतलं तरी चहाचे पैसे आपण द्यायचे.

बाहेर जायचं तर आपण मधोमध आहोत, एका बाजूला मुंबईचा चोर बाजार, दुसऱ्या बाजूला कोलकात्याची फ्री स्कूल स्ट्रीट. कोलकात्याला मला माल जास्त सापडला, भावसुद्धा शांतपणे करता येतो.

ऑनलाइन घेताना ‘व्हीजी प्लस’ वगैरे लिहिलेलं असतं, ते कसं समजायचं?

ती रेकॉर्डच्या हालतीची श्रेणी. वरून खाली मिंट, नियर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, गुड, पुअर. ‘व्हीजी’ म्हणजे व्हेरी गुड वाचून लोक खुश होतात, पण त्यात चरचर चांगलीच ऐकू येते, आणि ‘गुड’ तर चांगलं नसतंच. ऐकायला घ्यायची असेल तर व्हीजी प्लसच्या खाली जाऊ नका. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या वेबसाइटवर प्रत्येक प्रेसचं वेगळं पान असतं, विकणाऱ्यानं बरोबर पानावर माल टाकलाय का हे बघायला रन-आउटचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी घेत नाही, कितीही स्वस्त असली तरी. आणि परदेशातून मागवली तर रेकॉर्डच्या किमतीवर पोस्टेज आणि कस्टम ड्युटी बसते, ते धरूनच हिशोब करा.

घ्यायच्या आधी वाजवून बघायला मिळाली तर कुठलं ऐकू?

तीन जागा. पहिली, पहिल्या बाजूची सुरुवात. शांततेतून ठोके हळूहळू वर येतात, तिथे प्रत्येक टिकटिक, प्रत्येक ओरखडा उघडा पडतो, झाकायला काही नाहीच. दुसरी, त्याच बाजूचा शेवट. गायिका क्लेअर टॉरीनं शब्दांशिवाय जो आवाज लावलाय तो लेबलच्या अगदी जवळ येतो, आणि खोबणी आत जाते तशी सुईला कठीण जातं, त्यामुळे जड सुईनं घासलेली कॉपी नेमकी तिथे फाटल्यासारखी वाजते. बाकी सगळं गोड आणि तिथेच खरखर असेल तर समजा की त्या रेकॉर्डनं वाईट प्लेयर सोसलाय, धुवून ते जात नाही. तिसरी, दुसऱ्या बाजूचा शेवट, परत ठोके, परत शांतता.

वेळ असेल तर घड्याळांचा तुकडाही ऐका, इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सनं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन रेकॉर्ड केलेली ती घड्याळं. चांगल्या कॉपीवर प्रत्येक घड्याळ वेगळं ऐकू येतं. वाजवायला मिळालीच नाही तर लेबलच्या भोकाभोवती बघा, दांड्यावर बसवताना घासल्याच्या बारीक रेघा जेवढ्या जास्त तेवढी वाजलेली जास्त.

घरी जुना प्लेयर आहे, चालू होतो. त्याच्यावर लावू का?

जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजवाल्या (कार्ट्रिज म्हणजे सुई बसते तो भाग) प्लेयरवर ही रेकॉर्ड नका लावू. त्यांची सुई ४-५ ग्रॅम किंवा जास्तच दाबानं चालते, आजचं मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर चालतं. सुई कधी बदलली कोणालाच आठवत नाही असा प्लेयर असेल तर मग नाहीच. साधा वजन ॲडजस्ट होणारा टर्नटेबल घ्या, सुईचा दाब मोजायचा छोटा काटा घ्या, आणि मगच महागडी रेकॉर्ड. उलटा क्रम खूप लोक करतात.

आपल्या उन्हाळ्यात रेकॉर्ड टिकतात का?

टिकतात, पण लक्ष द्यावं लागतं, पुण्या-मुंबईच्या लोकांचे सल्ले इथे पुरत नाहीत. विनाइल साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात बाहेर ४५, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे डिक्कीत पंधरा मिनिटंसुद्धा नको. गच्चीच्या खालची खोली असेल तर वरचा स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो, माळ्यावर ठेवू नका, खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, उभ्या. एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

मी स्वतः भोगलंय हे. एका मे मध्ये परदेशातून एक कॉपी मागवली, कुरिअरवाल्यानं पार्सल दुपारी गेटच्या आत उन्हात ठेवलं आणि गेला, घरी कोणी नव्हतं. संध्याकाळी उघडलं तर रेकॉर्ड ताटलीसारखी खोलगट झालेली. तेव्हापासून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत मी काहीच मागवत नाही, विकणाऱ्याला सांगतो की पैसे आत्ता घे, पाऊस पडल्यावर पाठव. आजवर कोणी नाही म्हटलं नाही.

आणि कूलर?

कोणीच विचारत नाही, पण मीच सांगतो. डेझर्ट कूलर खोली थंड करतो ते ओलावा सोडून, आणि तो ओलावा कव्हरचा पुठ्ठा पितो. खसच्या ताटीसमोर रॅक असेल तर दोन महिन्यांत कव्हर फुगतं, कडा सुटतात, आणि पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी धरते. रॅक कूलरच्या झोतात नको, शक्य असेल तर त्या खोलीतच नको. टर्नटेबलही कूलरच्या खिडकीपासून लांब, मोटरची थरथर टेबलातून सुईपर्यंत पोचते आणि ते ठोके ऐकताना खाली एक घरघर येत राहते.

धुवायची कशी?

डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खोबणीच्या दिशेनं गोल पुसायचं, आडवं कधीच नाही, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं परत एकदा, आणि लेबलला पाणी लावायचं नाही. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खोबणीत बसतात. आजोबांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या रेकॉर्ड असतील तर त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.

वाकलेली सरळ होते का?

थोडीशी लाट असेल आणि सुई उडत नसेल तर तशीच वाजवा. माझी ती कुरिअरवाली मी दोन जाड काचांमध्ये वजन ठेवून बरेच दिवस दाबली, बरीच सपाट झाली, पण आवाज पहिल्यासारखा राहिला नाही. ओव्हनमध्ये किंवा मुद्दाम उन्हात ठेवून सरळ करायचे व्हिडिओ दिसतात, चांगल्या रेकॉर्डवर करू नका.

मोनो कॉपी मिळेल का? ती महाग असते म्हणे.

मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेनं, ते साठच्या दशकातल्या अल्बमांचं. हा स्टिरिओ आहे, आणि याची चार स्पीकरवाली क्वाड्रोफोनिक एलपीसुद्धा निघाली होती, नंबरच्या आधी क्यू४ असतं. साध्या स्टिरिओ सिस्टिमसाठी ती घेण्यात अर्थ नाही.

किती पैसे द्यावेत? पुढे भाव वाढेल का?

निळ्या भरलेल्या त्रिकोणाची, दोन्ही पोस्टर-स्टिकरसकट, स्वच्छ वाजणारी यूके कॉपी काही शे पाउंडात जाते, आणि हालत जरा घसरली की भाव धाडकन खाली येतो. घ्यायच्या आधी डिस्कॉग्जवर त्याच प्रेसच्या झालेल्या विक्रीचे भाव बघा, मागितलेले भाव नाही. कोणी काहीही मागू शकतो. डमडमची त्या मानानं खूपच कमी पैशात मिळते, मी तर नव्यांना सांगतो की आधी ती घ्या आणि वर्षभर ऐका.

भाव वाढेल म्हणून घेणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे जे येतात त्यांना मी पहिली बाजू लावून देतो, पंखा बंद करतो आणि ठोके सुरू होईपर्यंत कोणी बोलायचं नाही एवढंच सांगतो. कोणाला बघायची असेल, नंबर वाचून घ्यायचे असतील, तर संध्याकाळी सातनंतर रेकॉर्ड घेऊन या. उन्हात आणू नका.